पुढच्या दांतांवरील चिनी मातीचें कवच

पुढचा दांत तुटला किंवा त्यावर तपकिरी डाग पडले म्हणजे मनुष्य हंसतांना तोंडावर हात धरूं लागतो. वर्गांत उत्तर ठाऊक असूनही कांहीं मुलें उभीं राहत नाहींत, त्याचें कारण कधीं कधीं एवढेंच असतें. मागील वर्षीं एका विद्यार्थिनीचे वडील आम्हांस भेटले. मुलीच्या दांतांवर चिनी मातीचीं कवचें बसवावीं, तीं जन्मभर टिकतात, असें त्यांस कोणीं सांगितलें होतें. मुलगी चौदा वर्षांची. त्यांना दिलेलें उत्तर सर्वच पालकांच्या उपयोगीं पडेल, म्हणून येथें देतों.

या कवचास दंतवैद्य व्हेनिअर म्हणतात. त्याची जाडी सुमारें अर्धा मिलिमीटर, म्हणजे आपल्या नखाएवढी. १९३० च्या आसपास कॅलिफोर्नियांतील चार्ल्स पिंकस यांनीं सिनेमांतील नटांच्या दांतांवर अशीं कवचें लाविलीं, पण तीं चित्रीकरणापुरतींच टिकत. पुढें १९५५ सालीं मायकेल ब्युओनोकोर यांनीं दाखविलें कीं, दांताच्या वरच्या कठीण थरावर, म्हणजे एनॅमलवर, फॉस्फरिक आम्ल लाविलें असतां त्यांत सूक्ष्म खळगे पडतात व राळेसारखा पदार्थ त्यांत शिरून घट्ट बसतो. १९८० नंतर कवचाची आंतली बाजूही आम्लानें खरखरीत करूं लागले, आणि मग कवच खरोखर टिकूं लागलें.

शहाबादी फरशी पहा. खालीं चुना सर्वत्र भरलेला असेल तर तिजवरून बैलगाडी जावो. पोकळ राहिली तर पायाच्या धक्क्यानेंही ती तडकते. कवचाचेंही तसेंच आहे. सुटें असतां तें बोटांत मोडतें, एनॅमलला चिकटलें कीं दांताचेंच बळ त्यास मिळतें. परंतु दांत फार घांसून आंतील पिवळसर थर उघडा पडला, तर पकड तितकी भरंवशाची राहत नाहीं.

ऑस्ट्रियांतील इन्सब्रुक येथील दंतवैद्यांनीं ३१८ कवचांचा हिशेब २०१२ सालीं प्रसिद्ध केला. दहा वर्षांनीं शेंकडा सुमारें ९३ व वीस वर्षांनीं सुमारें ८३ शाबूत राहतील, असें त्यांत निघालें. झोपेंत दांत खाणाऱ्यांचीं कवचें अधिक निकामी झालीं. आंकडे उत्तमच आहेत. पण ते नियमानें तपासणीस येणाऱ्यांचे आहेत, आणि त्यांतील कोणी दांतांनीं ऊस सोलत नसावा! आपल्याकडे ऊस, सुपारी व खर्रा यांचाही विचार केला पाहिजे. चिनी मातीवर डाग सहसा बसत नाहीं, मात्र कडेच्या सांध्यावर बसतो, आणि सांध्याखालीं दांत किडूं शकतो.

आमच्या वाशीम जिल्ह्याच्या शेजारीं, यवतमाळकडील कित्येक गांवांत, विंधणविहिरींच्या पाण्यांत फ्लोराइड अधिक असतें. लिटरमागें दीड मिलिग्रॅमहून अधिक फ्लोराइड पिण्याच्या पाण्यांत नसावें, असें भारतीय मानक आहे. अशा पाण्यानें पडलेले डाग ब्रशनें घांसून जात नाहींत, कारण एनॅमल घडत असतांनाच, पहिल्या चार-पांच वर्षांत, ते आंत मुरलेले असतात. अशा एनॅमलवर आम्लाचा परिणामही मंद होतो. म्हणून तेथें दंतवैद्यास विशेष काळजी घ्यावी लागते. डाग उथळ असतील तर प्रथम साधे उपाय करून पहावे.

त्या गृहस्थांस आम्हीं थांबावयास सांगितलें. घांसलेलें एनॅमल पुन्हां उगवत नाहीं. शिवाय चौदाव्या वर्षीं दांताची नाडी मोठी असते, हिरडीही आपल्या जागीं स्थिर झालेली नसते. अठराव्या वर्षापर्यंत दांताच्या रंगाचा लेप देऊन काम भागवितां येतें. तो लवकर झिजतो, परंतु दांत बहुधा घांसावा लागत नाहीं. पुढें निर्णय करावयाचा झाल्यास नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत दाखवितां येईल.

आणि खेळतांना कायमच्या दांताचा तुकडा उडाला, तर तो टाकूं नये. दुधांत किंवा पाण्यांत ठेवून त्याच दिवशीं दंतवैद्याकडे न्यावा. पुष्कळदां तोच तुकडा पुन्हां चिकटवितां येतो.