उडत्या विमानांची चेहरेपट्टी

दिनांक २२ एप्रिल २०२४ रोजी एअर इंडियाचे शेवटचे बोइंग ७४७, ज्याचा नोंदणी क्रमांक व्हीटी-ईव्हीए असून ज्यास ‘आग्रा’ हे नाव दिलेले होते, मुंबईहून अमेरिकेच्या दिशेने कायमचे रवाना झाले, आणि धावपट्टी सोडून वर चढता चढता वैमानिकाने त्याचे पंख एकदा डावीकडे व एकदा उजवीकडे कलवून ज्या शहराने अर्धशतकाहून अधिक काळ या जातीचे विमान पाहिले त्याचा निरोप घेतला. त्या काही क्षणांचे चित्रण अल्पावधीत देशभर पसरले व अनेकांना गहिवरून आले. हे विमान काही त्या दिवशी निवृत्त झाले नव्हते. एअर इंडियाच्या या जातीच्या विमानाची शेवटची प्रवासी फेरी २०२१ सालीच होऊन गेली होती. ज्यांस विमान कामावर असताना, प्रवाशांनी भरलेले टिपावयाचे होते, त्यांची वेळ तीन वर्षांपूर्वीच टळली होती, आणि ज्यांनी तेव्हाच टिपून ठेवले त्यांच्या संग्रहास आज दस्तऐवजाचे मोल आले आहे.

या जातीचे पहिले विमान ‘सम्राट अशोक’ १८ एप्रिल १९७१ रोजी मुंबईस पोहोचले. त्याच्या खिडक्यांभोवती लाल रंगात राजपूत झरोक्यांच्या कमानी रेखाटलेल्या होत्या, व आकाशातील राजप्रासाद अशी त्याची जाहिरात होत असे. १ जानेवारी १९७८ च्या रात्री, दुबईकडे निघालेले हेच विमान, त्याची कललेली स्थिती दाखविणारे एक उपकरण बिघडल्याने व अंधारात दिशाभान हरपल्याने, वांद्र्यापलीकडे समुद्रात कोसळले आणि २१३ जीव गेले. आज ‘सम्राट अशोक’ पाहावयाचे तर छायाचित्रांखेरीज दुसरा आधार नाही.

नव्वदीच्या दशकात त्याच जातीची सुधारलेली विमाने आली. कोणार्क, तंजावर, खजुराहो, अजिंठा, आग्रा आणि वेल्हा गोवा अशी त्यांची नावे होती. मराठवाड्याच्या वाचकास त्यांतील ‘अजिंठा’, क्रमांक व्हीटी-ईएसपी, याविषयी विशेष आपुलकी वाटावी, कारण आपल्या भूमीचे नाव घेऊन खंड ओलांडणारे ते विमान होते. महासाथीच्या आरंभी, २०२० च्या जानेवारी-फेब्रुवारीत, चीनमधील वुहान येथे अडकलेले आपले विद्यार्थी परत आणण्यास याच जातीची विमाने गेली, व पहिल्या फेरीत ३२४ जण मायदेशी आले. पुढे एअर इंडियाने २०२३ मध्ये आपला रंग व चिन्ह बदलले, परंतु त्याआधीच ही विमाने कामावरून उतरलेली असल्यामुळे नवा रंग त्यांच्या अंगी लागलाच नाही.

विमान म्हातारे होते म्हणजे काय होते, हेही येथे सांगितले पाहिजे. प्रत्येक उड्डाणात आतील हवेचा दाब बाहेरच्या मानाने वाढतो, उतरताना हा फरक ओसरतो, आणि या आवर्तनाने धातूचे कवच थोडे थोडे शिणत जाते. म्हणून वयाबरोबर उड्डाण-अवतरणांची संख्याही मोजली जाते आणि ठरावीक काळाने संपूर्ण विमान उलगडून तपासावे लागते. ही तपासणी अतिशय खर्चिक असते, व ती करावी की विमान निवृत्त करावे, हा प्रश्न बहुधा याच टप्प्यावर निकाली निघतो. चार इंजिनांच्या या विमानावर आणखी एक संकट आले: दोन इंजिनांची बोइंग ७७७ सारखी विमाने जवळपास तेवढेच प्रवासी बऱ्याच कमी इंधनात समुद्रापार नेऊ लागली. १९६९ मध्ये प्रथम उडालेल्या ७४७ ची १,५७४ विमाने बांधून झाल्यावर, शेवटचे विमान जानेवारी २०२३ अखेर ग्राहकाच्या हवाली करून कारखान्याने हे प्रकरण मिटविले.

आता छायाचित्राकडे वळू. मोगलांच्या लष्करी बंदोबस्तात दाग आणि चेहरा अशी एक पद्धत होती: घोड्यास डाग द्यावयाचा, आणि स्वाराचे रूपवर्णन दप्तरी लिहून ठेवावयाचे, म्हणजे हजेरीच्या दिवशी मनसबदार उत्तम घोड्याऐवजी भाडोत्री तट्टू उभे करू शकत नसे. आमच्या नांदेड जिल्ह्याच्या लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोडे, गाढवे व उंट यांचा मोठा बाजार भरतो, आणि जाणता गिऱ्हाईक आजही दात, खूर व भोवरे पाहूनच सौदा करतो. विमानाच्या छायाचित्रकाराचे काम त्याच जातीचे आहे. भारतीय विमानाच्या शेपटीजवळ व पंखाखाली ‘व्हीटी’ने आरंभ होणारा क्रमांक रंगविलेला असतो, विमान विकले, भाड्याने दिले वा परदेशी गेले की तो पुसला जातो, रंग बदलतो, नावही जाते. कारखान्याने दिलेला अनुक्रमांक तेवढा जन्मभर टिकतो. या दोहोंची रुजवात घालून, तारीख व ठिकाण लिहून ठेवलेले चित्र विमानाच्या एका आयुष्याचा पुरावा ठरते. निवृत्तीपूर्वी टिपण्याची निकड यातूनच उद्भवते. मालक बदलला की पहिले आयुष्य दृष्टीआड होते; मग वाळवंटातील विमानतळावर उभे केलेले कलेवर टिपून फारसे हाती लागत नाही.

मुंबईत या व्यवहाराची भूमी म्हणजे कुर्ल्याच्या बाजूची जरीमरीची वस्ती, जेथे पश्चिमेकडे तोंड करून उतरणारी विमाने घरांच्या गच्च्यांवरून अगदी खालून जातात, आणि दुसऱ्या टोकास जुहूची चौपाटी, जिच्यावरून ती समुद्राकडे चढतात. ज्या जुहूवर १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन आपले इवलेसे पुस मॉथ विमान स्वतः चालवीत उतरले, त्याच जुहूच्या वाळूवर उभे राहून आजचा तरुण विमानाचा क्रमांक वाचतो, हा योग मला विलक्षण वाटतो. उन्हाळ्याच्या दुपारी तापलेल्या धावपट्टीवरील हवा थरथरते व चित्रातील रेषा विरघळतात, म्हणून सकाळ वा सायंकाळ बरी. पंख्याच्या विमानासाठी कॅमेऱ्याची झडप मुद्दाम संथ ठेवावी लागते, एरवी पंखा गोठलेला दिसतो आणि विमान दोरीने टांगल्यासारखे भासते.

आपल्याकडे या छंदाच्या आड कायदाही आला आहे. १९३७ च्या विमान नियमावलीतील तेराव्या नियमाने विमानतळावर किंवा उडत्या विमानातून लेखी परवानगीवाचून छायाचित्र घेण्यास मनाई केली. पुढे प्रवाशांस विमानात बसून चित्रे घेण्याची काही सवलत मिळाली. संशय केवळ आपल्याच सरकारास येतो असे नव्हे. नोव्हेंबर २००१ मध्ये ग्रीसमध्ये लष्करी विमाने पाहून टिपणे काढणाऱ्या बारा ब्रिटिश व दोन डच नागरिकांस हेरगिरीच्या आरोपाखाली अटक झाली, त्यांस शिक्षाही ठोठावण्यात आली, आणि पुढील वर्षी अपिलात ते सुटले. सुरक्षेची चिंता मी हलकी लेखीत नाही. परंतु दुरून टिपलेल्या प्रवासी विमानाच्या चित्रातून शत्रूस काय मिळणार, आणि ते चित्र न घेतल्याने इतिहासाचे काय बुडणार, याची तुलना कोणी केल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

विमान कामावर असतानाच टिपण्याची निकड किती, याविषयी नागपूरचे उदाहरण बोलके आहे. १९९१ मध्ये तेथे उतरलेले एक बोइंग ७२०, म्हणजे प्रसिद्ध ७०७ चे धाकटे भावंड, पुन्हा उडालेच नाही. सुमारे दोन तपे ते विमानतळावर ऊन-पावसात उभे राहिले, व २०१५ च्या सुमारास तेथून हलविण्यात आले. या जातीची अवघी १५४ विमाने जगात बांधली गेली होती. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी त्याची चित्रे पुष्कळ घेतली असतील, पण ती सारी एका अचल वस्तूची. कार्यरत विमान पाहण्याची जी संधी असते, ती त्या मुक्कामाच्या पहिल्याच दिवशी संपली होती.

आणि नांदेड? २००८ मधील गुरु-ता-गद्दी सोहळ्याच्या त्रिशताब्दीनिमित्त येथील विमानतळाचे नूतनीकरण झाले व किंगफिशरची पंख्याची एटीआर विमाने येऊ लागली. २०१२ मध्ये ती कंपनीच बंद पडली. २७ एप्रिल २०१७ रोजी ‘उडान’ योजनेच्या शुभारंभी पंतप्रधानांनी शिमल्याहून ज्या मार्गांस हिरवा कंदील दाखविला त्यांत हैदराबाद-नांदेड हा मार्ग होता, व त्यावर ट्रूजेटची एटीआर धावू लागली. तीही कंपनी २०२२ मध्ये थांबली. त्याच २०१७ च्या डिसेंबरात एअर इंडियाने अमृतसर-नांदेड सेवा सुरू केली, आणि सचखंड हुजूर साहिब व सुवर्णमंदिर ही दोन तीर्थे आकाशमार्गाने जोडली गेली. अवघ्या चौदा वर्षांत दोन कंपन्या आल्या आणि लयास गेल्या. भाडेपट्ट्याची विमाने मालकांकडे परतली की रंग व क्रमांक बदलून दुसऱ्याच्या सेवेत जातात, आणि गोदावरीकाठच्या या धावपट्टीवर ती कधी उतरली होती हे त्यांच्या अंगावरून कोणास कळत नाही. निजामी अमलातील जमाबंदीची कागदपत्रे सांभाळणाऱ्या आमच्या जिल्ह्यात या विमानांची क्रमांकवार, सचित्र नोंद मात्र सार्वजनिक संग्रहात असावी अशी तजवीज झालेली नाही.

ती अजूनही करता येईल. २०२४ पासून कोल्हापूरच्या घोडावत समूहाची स्टार एअर नांदेडहून सेवा देऊ लागली, आणि तिच्या ताफ्यातील एम्ब्रेअर १७५ ही ब्राझीलमध्ये बनलेली दोन इंजिनांची जेट विमाने आहेत. लग्ने टिपणाऱ्या लोह्याच्या कोणत्याही छायाचित्रकाराकडे या कामास पुरेल असा कॅमेरा आहे. विमानतळाच्या कुंपणाबाहेर, रस्त्यालगत वा कोणाच्या शेताच्या बांधावर उभे राहण्यास शेतमालकाची संमती व जवळच्या ठाण्यास आगाऊ कळविण्याचा शिष्टाचार एवढेच लागते. चित्रामागे क्रमांक, अनुक्रमांक, तारीख, वेळ, कोठून आले व कोठे गेले हे लिहावे, आणि एक प्रत जिल्हा ग्रंथालयात द्यावी. परवान्याचा कागद मागावा लागला तरी तो मागून घ्यावा, कारण ही विमानेही एके दिवशी येथून निघून जातील.