मरुभूमीतील पीलू : नमुनासंग्रह आणि द्रव्यनिश्चिती

चरकसंहितेत पीलूची गणना विरेचनोपग व ज्वरहर अशा दोन्ही महाकषायांत केलेली आहे. तथापि आपल्या औषधशाळेत येणारे पीलू नेमके कोणते, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. थरच्या वाळवंटात या नावाचे दोन वृक्ष आढळतात. मारवाडात त्यांस खारा जाळ (साल्वाडोरा पर्सिका) व मीठा जाळ (साल्वाडोरा ओलिऑइडिस) म्हणतात. बाजारातून आलेल्या सुक्या फळांत दोहोंची सरमिसळ असावी, अशी शंका आल्याने आम्ही मूळ स्थानी जाऊन नमुने गोळा करण्याचे ठरविले.

पहिल्या खेपेस आमचीच चूक झाली. मार्गशीर्षात गेलो आणि केवळ पानांच्या डहाळ्या घेऊन परतलो. वाळल्यावर कोवळ्या-जून पानांचा असा गोंधळ झाला की निर्णय करता येईना. पुढील वर्षी फाल्गुनात फुलोऱ्यासाठी व ज्येष्ठात फळांसाठी पुन्हा गेलो, तेव्हा भेद स्पष्ट झाला. मिठ्या जाळाची पाने अरुंद व लांबट, फुले बिनदेठाची, पक्व फळ पिवळे व मधुर. खाऱ्या जाळाची पाने रुंद व मांसल, फुले देठयुक्त, फळ लाल ते जांभळे. हा वृक्ष क्षारयुक्त भूमीतही वाढतो.

नमुना घेताना पाने, फुले व फळे तिन्ही असावीत. पाने जाड असल्याने टिपकागद वारंवार बदलावा लागतो. फळे वेगळ्या पाकिटात ठेवावीत. वाळल्यावर रंग पालटतो, म्हणून रंग, चव, स्थानिक नाव, भूमी, स्थळ व दिनांक यांची नोंद झाडापाशीच करावी. ओरण म्हणजे गावाने राखलेले देवाचे रान. तेथे ग्रामस्थांच्या अनुमतीवाचून डहाळीही तोडू नये.

'ओलिऑइडिस' म्हणजे ऑलिव्हसारखा. बेंथॅम व हूकर यांच्या ग्रंथात (१८६२-८३) पीलूचे कुल जाई व पारिजातक ज्यात येतात त्या ऑलिव्ह-कुलाशेजारी होते. आज मात्र त्याचे स्थान मोहरीच्या गणात आहे. खाऱ्या जाळाचे पान चावताच मोहरीसारखी झणझणी येते. तिचे कारण असलेली ग्लुकोसिनोलेट द्रव्ये हे या गणाचे लक्षण होय. रसपरीक्षेने जिभेला जे कळते, त्यास आधुनिक वर्गीकरणाने दुजोराच दिला.

भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेची केंद्रे जोधपूर व पुणे येथे आहेत. तेथील संग्रहाशी आपला नमुना पडताळून घ्यावा. साल्वाडोरा हे नाव बार्सिलोनाच्या एका औषधविक्रेत्याच्या, हुआन साल्वादोर यांच्या, स्मरणार्थ दिलेले आहे. औषधविक्रेत्याचे नाव धारण करणाऱ्या वृक्षाची ओळख आपल्या दुकानात तरी हरवू नये. प्रत्येक फार्मसीचालकाने पीलूच्या पोत्याशेजारी त्याचा एक प्रमाणित नमुनापत्र ठेवावा, अशी आमची नम्र विनंती आहे.