थुंकीतून आरोग्याचा अंदाज

माणसाच्या जनुकसंचात सुमारे ३०० कोटी अक्षरे असतात. त्यांतली निवडक काही लाख वाचायला अर्धा चमचा थुंकी पुरते! ती नळीत भरून टपालाने पाठवायची, की काही आठवड्यांत अहवाल तयार. कॅलिफोर्नियातल्या ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ या कंपनीने ही सोय सामान्य ग्राहकापर्यंत नेली. ‘टाइम’ साप्ताहिकाने २००८ साली या चाचणीला वर्षातील सर्वोत्तम शोधाचा मान दिला, आणि तो रास्त होता.

पण २२ नोव्हेंबर २०१३ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, कंपनीला इशारापत्र धाडले. ९९ डॉलरचा हा संच २५४ रोग आणि शारीरिक स्थितींबद्दल माहिती देत होता. एफडीएचे म्हणणे असे, की हे वैद्यकीय उपकरणच आहे. तेव्हा अचूकता सिद्ध करा आणि मंजुरी मिळेपर्यंत विक्री थांबवा. त्याआधी दोन्ही बाजूंच्या चौदाहून अधिक बैठका झाल्या होत्या. काळजीचे मुख्य कारण होते स्तनाच्या कर्करोगाशी निगडित बीआरसीए जनुके. त्यांत बिघाड असल्याचा निष्कर्ष चुकून आला, तर एखादी निरोगी स्त्री स्तन काढून टाकण्याची शस्त्रक्रिया करून घेईल. रक्त पातळ करणाऱ्या वॉर्फरिनचा डोस कोणी अहवाल पाहून स्वतःच बदलेल, ही भीतीही होतीच.

माझ्या शरीराची माहिती मला मिळण्याआड सरकारने का यावे, असा आक्षेप तेव्हा घेतला गेला. आक्षेप वजनदार आहे. तरी विकत घेतलेली माहिती खरी असावी, हाही ग्राहकाचा हक्कच ना?

पुढे मंजुऱ्या मिळाल्या, पण एकेक करून: २०१५ मध्ये ब्लूम सिंड्रोम या आनुवंशिक आजाराची वाहक चाचणी, २०१७ मध्ये पार्किन्सन्ससह दहा आजारांचा धोका. यात मला सर्वांत मोलाची वाटते ती एक अट: सामान्य माणसाला अहवाल वाचून नीट कळतो, हेही कंपनीला दाखवून द्यावे लागले.

२०१८ मध्ये बीआरसीए चाचणीलाही परवानगी मिळाली. हजारांहून अधिक ज्ञात बदलांपैकी ती फक्त तीन शोधत होती, आणि ते तिन्ही प्रामुख्याने अश्केनाझी ज्यू समाजात आढळणारे. इतरांच्या अहवालात ‘आढळले नाही’ असे आले, तरी त्यातून कर्करोगाच्या धोक्याविषयी फारसे काही कळत नव्हते.

म्हणून असा अहवाल हाती आलाच, तर औषध बदलण्याआधी किंवा निर्धास्त होण्याआधी तो डॉक्टरांना दाखवा आणि वैद्यकीय प्रयोगशाळेतून पडताळून घ्या.