मक्याच्या मुलखात मुलींचा व्हॉलीबॉल

माझी सारी नोकरी ज्वारी, तूर आणि मक्याच्या बांधावर गेली. तेव्हा हा विस्तार अधिकारी आज खेळावर काय लिहिणार, असे वाचक बंधू-भगिनींच्या मनात येईल. पण विषय मक्यावरूनच निघाला, म्हणून लिहितो.

कृषी महाविद्यालयात माझ्या खोलीत राहणारा एक मित्र पुढील शिक्षणासाठी अमेरिकेत गेला आणि तिथल्या नेब्रास्का राज्यात स्थायिक झाला. बियाण्यांच्या कामात आहे, एका लहानशा गावात राहतो. गेल्या जानेवारीत त्याचा फोन आला. आपल्याकडे सकाळ, त्याच्याकडे आदली रात्र. मी आपला मक्याचे विचारीत होतो. हेक्टरी अकरा-बारा टन ही तिथली राज्याची सरासरी! लागवडीचे अंतर, नत्राचे हप्ते असे बोलणे रंगात आले आणि तो एकदम म्हणाला, "अरे, आता राहू दे. पोरीला आणायला निघायचंय. ऐंशी किलोमीटर जायचंय आणि बाहेर बर्फ पडतंय."

"एवढ्या रात्री कुठे गेलीय ती?" मी विचारले.

"व्हॉलीबॉलला," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. का, ते शेवटी सांगतो. आधी तो मुलूख आणि तिथल्या मुलींचा खेळ यांची ओळख करून देतो. पुढे मित्राकडून पुष्कळ ऐकले, काही वाचलेही.

कणसे सोलणाऱ्यांचे राज्य

नेब्रास्काचे क्षेत्रफळ आपल्या महाराष्ट्राच्या सुमारे दोन तृतीयांश. लोकसंख्या मात्र जेमतेम २० लाख, म्हणजे एकट्या पुणे शहरापेक्षाही कमी. मका, सोयाबीन आणि गुरे यांवर चालणारे राज्य. लिंकन शहरातील तिथले विद्यापीठ १८६९ सालचे. शेती शिकवण्यासाठी सरकारने जमिनी देऊन जी विद्यापीठे उभी केली, त्यांपैकी ते एक. आपली कृषी विद्यापीठे याच धर्तीवर निघाली, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. या विद्यापीठाच्या खेळाडूंना 'कॉर्नहस्कर्स' म्हणतात. कॉर्नहस्कर म्हणजे मक्याची कणसे सोलणारा. आपल्या कामाचे नाव असे अभिमानाने छातीवर मिरवणारे लोक मला आवडले.

३० ऑगस्ट २०२३ रोजी लिंकनच्या फुटबॉल मैदानात मधोमध व्हॉलीबॉलचे जाळे बांधले गेले. सामना होता मुलींचा, नेब्रास्का विरुद्ध ओमाहा. तो पाहायला ९२,००३ माणसे आली. महिलांच्या सामन्याला जमलेली जगातील विक्रमी गर्दी म्हणून तिची नोंद झाली. हिशेब केला तर राज्यातील दर एकवीस-बावीस माणसांमागे एक माणूस त्या दिवशी त्या मैदानात होता. आपल्याकडे एवढी माणसे यात्रेला जमतात किंवा मोठ्या कुस्त्यांना. शेतकऱ्यांच्या मुलखात मुलींच्या खेळाला एवढी माणसे जमली कशी, हा खरा प्रश्न आहे.

एका कायद्याची गोष्ट

व्हॉलीबॉल हा खेळ अमेरिकेतच जन्मला. १८९५ साली मॅसॅच्युसेट्स राज्यातील होलियोक गावी विल्यम मॉर्गन नावाच्या व्यायामशिक्षकाने तो तयार केला. बास्केटबॉलची धावपळ ज्यांना झेपत नाही अशा वयस्क पुरुषांसाठी त्याने तो शोधला. मुलींचा त्यात विचारही नव्हता.

पुढे १९७२ साली अमेरिकेत एक कायदा झाला. ज्या शिक्षणसंस्थेला केंद्र सरकारचा पैसा मिळतो, तिने मुलगा-मुलगी असा भेद करता कामा नये, असे तो सांगतो. खेळही त्यात आला. मुलांसाठी संघ, शिक्षक आणि मैदान असेल, तर मुलींनाही संधी द्यायला हवी. कायद्याच्या आधीच्या वर्षी अमेरिकेतील हायस्कुलांत तीन लाखांहून कमी मुली शाळेकडून खेळत होत्या. आज ती संख्या तीस लाखांच्या पुढे आहे. त्यांपैकी साडेचार लाखांहून अधिक मुली व्हॉलीबॉल खेळतात. २०१४-१५ साली मुलींमध्ये या खेळाने बास्केटबॉललाही मागे टाकले.

शाळा म्हणजे पाऊस

नेब्रास्कात शाळेचा व्हॉलीबॉल ऑगस्टमध्ये सुरू होतो आणि नोव्हेंबरात संपतो. आपला खरीप म्हणा ना! मक्याची काढणी याच दिवसांत येते. तरी सामन्याच्या संध्याकाळी यंत्र शेतात उभे करून माणसे शाळेच्या व्यायामशाळेत येतात, असे मित्र सांगतो.

व्यवस्था कशी आहे तेही पाहण्यासारखे आहे. शाळांचे पटसंख्येप्रमाणे सहा गट केलेले आहेत. शहरातील मोठी शाळा आणि खेड्यातील लहान शाळा यांना एकमेकींशी भिडवत नाहीत. लहान गावाने लहान गावाशी खेळायचे आणि नोव्हेंबरात प्रत्येक गटाचा वेगळा राज्य विजेता ठरायचा. एखाद्या शाळेत संघापुरत्याही मुली नसल्या, तर शेजारच्या दोन शाळा एकत्र येऊन एक संघ करतात. त्याला ते 'को-ऑप' म्हणतात. साखर कारखाना आणि दूध संघ चालवणाऱ्या आपल्या लोकांना सहकाराचा हा प्रकार समजावून सांगायला नको.

सांगायचे तात्पर्य, शाळेचा खेळ हा पावसासारखा आहे. तो सगळ्यांच्या रानावर पडतो. जिचे घर आडबाजूला आहे, जिच्या बापाकडे पैसा नाही, तिलाही चेंडूला हात लावायला मिळतो.

क्लब म्हणजे पाटाचे पाणी

पण नुसत्या पावसावर बागायत होत नाही. शाळेचा हंगाम तीन महिन्यांचा. उरलेले नऊ महिने काय करायचे? इथे क्लब येतो. क्लब म्हणजे आपल्याकडील क्रीडा मंडळ. शाळेशी त्याचा संबंध नसतो. हिवाळा लागला की निवड चाचणी होते. बारा वर्षांपासून अठरा वर्षांपर्यंत वयानुसार संघ पडतात. आठवड्यातून दोन-तीनदा सराव, शनिवार-रविवार स्पर्धा आणि उन्हाळ्यात राष्ट्रीय स्पर्धा. मोठ्या प्रदर्शनगृहात एका छताखाली ओळीने पन्नास-पन्नास जाळी बांधलेली असतात आणि सगळ्यांवर एकाच वेळी सामने चालू असतात.

क्लबचे महत्त्व एका साध्या कारणाने वाढले. महाविद्यालयांचे सामनेही ऑगस्ट ते डिसेंबर याच काळात असतात. त्यामुळे शाळेच्या मुली खेळत असताना महाविद्यालयाचे प्रशिक्षक आपल्याच संघात गुंतलेले असतात. नव्या मुली पारखायला त्यांना सवड मिळते ती नंतर, क्लबच्या स्पर्धांत. ज्या मुलीला खेळाच्या शिष्यवृत्तीवर शिकायचे आहे, तिला त्यांच्या नजरेस पडायचे तर क्लबमध्ये असावे लागते. अमेरिकेतील महाविद्यालयीन शिक्षण किती महाग आहे, हे ज्यांची मुले तिकडे गेली त्यांना विचारा, म्हणजे या शिष्यवृत्तीची किंमत कळेल.

शिवाय खेळाचे शास्त्रही तिथे पक्के होते. गावच्या शाळेत उंच मुलगी सगळीच कामे करते. क्लबमध्ये तिच्याहून उंच चार जणी असतात. मग चेंडू उचलून देणे, जाळ्यावर अडवणे, मागे राहून जमिनीलगतचा चेंडू काढणे, यांपैकी आपले काम कोणते ते तिला ठरवावे लागते आणि तेच घोटावे लागते.

टेलच्या शेतकऱ्याचे दुखणे

पण पाटाचे पाणी कुणाला मिळते, हे आपल्याला चांगले ठाऊक आहे. तोंडाजवळच्याचे रान भिजते आणि टेलचा शेतकरी वाट पाहत बसतो. तिथेही तेच. चांगले क्लब ओमाहा आणि लिंकन या शहरांत एकवटले आहेत. फी, गणवेश, प्रवास, मुक्काम धरून वर्षाचा खर्च काही हजार डॉलरांवर जातो. दूरच्या शेतावरील मुलीला पैसाही हवा आणि मोटारही. काही क्लब गरजू मुलींना सवलत देतात, पण रस्ता काही कमी होत नाही.

दुसरे दुखणे शरीराचे. बारा महिने एकच खेळ, त्याच उड्या आणि खांद्याचा तोच झटका. गुडघा आणि खांदा कुरकुरू लागतात. वाढत्या वयाच्या खेळाडूने आठवड्यातून किमान एक दिवस आणि वर्षातून दोन-तीन महिने आपल्या खेळापासून विश्रांती घ्यावी, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. एकाच रानात ऊस, पुन्हा खोडवा, पुन्हा ऊस असे करणाऱ्यांना मी तीस वर्षे हेच सांगत आलो आहे. गंमत अशी की, लहान गावच्या मुलींना ही फेरपालट आपोआप मिळते. मुली थोड्या, त्यामुळे त्याच मुली पावसाळ्याअखेर व्हॉलीबॉल, थंडीत बास्केटबॉल आणि वसंतात धावण्याच्या शर्यती खेळतात.

अशा गावांतून काय पीक येते याची दोनच उदाहरणे देतो. जॉर्डन लार्सन ही हूपर गावची. त्या गावाची वस्ती हजारसुद्धा नाही. ती गावाकडच्या शाळेत खेळली, पुढे विद्यापीठात गेली आणि अमेरिकेच्या संघाची कर्णधार झाली. २०२१ साली टोकियोत अमेरिकेच्या महिलांनी व्हॉलीबॉलचे पहिले ऑलिंपिक सुवर्ण घेतले, तेव्हा स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू तीच ठरली. चार ऑलिंपिकांत तिने चार पदके मिळवली. दुसरी डॅनी बुसबूम केली. ही नेब्रास्काच्याच शेतावर वाढली. २००६ च्या राष्ट्रीय विजेत्या संघात ती खेळली आणि २०२५ पासून त्याच विद्यापीठाच्या संघाची मुख्य प्रशिक्षक आहे. शेतावरची मुलगी कणसे सोलणाऱ्यांच्या संघाची गुरू झाली!

आणि आपल्याकडे?

आता माझी गोष्ट. माझी मुलगी आठवी-नववीत व्हॉलीबॉल खेळायची. हात लांब, उडी चांगली. शाळेचा संघ तालुक्यात जिंकून जिल्ह्याला गेला. खेळाचे सर घरी आले आणि म्हणाले, "साहेब, तालुक्याच्या मंडळात संध्याकाळी सराव असतो. आठवड्यातून तीन दिवस पाठवा. पोरगी विभागापर्यंत नक्की जाईल." तालुका चौदा किलोमीटर. जाताना एसटी होती, परत येताना नव्हती. मी म्हणालो, "आधी दहावी होऊ दे, मग बघू." दहावी झाली, बारावी झाली, ते 'मग' काही आले नाही. ती रुसली नाही, रडली नाही. बूट तेवढे माळ्यावर गेले. आज ती नोकरी करते, तिचे बरे चालले आहे. पण मी रोज मोटारसायकलवर साठ-सत्तर किलोमीटर लोकांच्या बांधांवर हिंडत होतो, आणि चौदा किलोमीटर जाणे मला जमले नाही, हेही तितकेच खरे.

मित्राच्या फोनचे मी तिला सांगितले. सुवर्णपदके, शिष्यवृत्त्या, ब्याण्णव हजार माणसे, सगळे सांगितले. तिने ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "बाबा, तिला आणायला रोज काकाच जातो का?"

मी मित्राला विचारले. तो म्हणाला, "छे रे! आम्ही चार घरं आहोत. पाळ्या लावल्यात. आठवड्यात एकदा माझी येते."

वाचकहो, हे ऐकून मी हसलो आणि मग गप्प झालो. पाळ्या लावून एकमेकांची कामे करायची, याला आपण सावड म्हणतो. पेरणीला, खुरपणीला आपल्या आया-आज्या हेच करीत आल्या. बैल सावडीने, माणसे सावडीने. मुलींच्या खेळासाठी सावड करावी, हे मात्र मला कधी सुचले नाही.

कायदा करणे आपल्या हातात नाही. ऑलिंपिक तर लांबच राहिले. पण शाळेच्या स्पर्धा आपल्याकडेही तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा रीतसर होतात. चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील मुलींचे गट आहेत. म्हणजे पाऊस पडतो. पाटच तेवढा काढायचा राहिला आहे. त्याला लागते तरी काय? मैदान १८ मीटर बाय ९ मीटर. सभोवतालची मोकळी कड धरून साडेतीन गुंठे. मुलींसाठी जाळ्याची उंची २.२४ मीटर. दोन खांब, एक जाळे, दोन चेंडू. संध्याकाळी मुलगे जिथे जाळे बांधून खेळतात, तिथेच आठवड्यातून तीन दिवस मुलींचे ठरवून द्यावेत. शेजारच्या दोन-तीन गावांच्या मुली मिळून एक संघ करावा. आणि पुढे तालुक्याच्या मंडळात जायची वेळ आली, तर चार बापांनी पाळ्या लावाव्यात. ज्याच्याकडे जीप आहे त्याने जीप काढावी, ज्याच्याकडे नाही त्याने डिझेलला हातभार लावावा. आयांनीही सोबत जावे. मैदानाच्या कडेला बसून आपली लेक खेळताना पाहण्यात कमीपणा नाही.

आमच्या शाळेतील तीन मुली या जूनपासून मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी तालुक्याला सरावाला जातात. एकही माझ्या नात्यातील नाही. तीन घरे आणि मी, असे चौघे पाळी करतो. या आठवड्यात शनिवारची पाळी माझी आहे.