रिम छोटी, राइड मोठ्ठी!

पुण्यात घेतलेली झकास रोड बाइक गावाकडच्या रस्त्यावर हाडं खिळखिळी करतेय? नवी सायकल घेण्याआधी चाकांचा साइज बदलून बघा. पण पाकिटाआधी फूटपट्टी काढा!

चाकांचं मोजमाप बदलणं हिंगोलीकरांना नवं नाही. २००८ मध्ये अकोला-पूर्णा मार्ग मीटरगेजचा ब्रॉडगेज झाला आणि ‘हिंगोली डेक्कन’ स्टेशनात मोठी गाडी आली. तेव्हा रुळांपासून डब्यांपर्यंत सगळंच बदलावं लागलं. सायकलचा मामला उलटा आहे. रस्ता बदलणं आपल्या हातात नाही, चाक बदलणं मात्र आहे. आणि तेही मोठं नव्हे, चक्क छोटं!

सीन ओळखीचा वाटतोय का बघा. नोकरी हिंजवडीला नाहीतर मगरपट्ट्यात. बोनसमधून घेतलेली, २८ मिमी टायरची सडपातळ रोड बाइक. दिवाळीला ती ट्रॅव्हल्सच्या डिकीत घालून घरी न्यायची, आणि मग औंढा नागनाथ, नरसी नामदेव, सिद्धेश्वर धरण असे भन्नाट प्लॅन. हायवेवर सगळं मस्त. पण गावाच्या फाट्याला वळलात की खेळ खल्लास! कारण इथली काळी माती. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, तिला भेगा पडतात. वरचं डांबर बिचारं किती दिवस टिकणार? पुढे पांदणीला लागलात तर बाभळीचे काटे आणि सराटे स्वागताला हजर. दोन दिवसांत मनगटं दुखायला लागतात आणि उरलेली सुट्टी सायकल ओसरीवर उभी!

अशा वेळी बहुतेक जण दुसरी सायकल घ्यायचा विचार करतात. पण मंडळी, तुमची फ्रेम आणि गिअर तेच ठेवून, फक्त चाकं आणि टायर बदलून काम होऊ शकतं. या फंड्याचं नाव ६५०बी कन्व्हर्जन.

गणित एकदम सोपं

रोड बाइकचं नेहमीचं चाक ७००सी. टायर रिमवर जिथे बसतो तिथला त्याचा व्यास ६२२ मिमी. ६५०बीचा व्यास ५८४ मिमी, म्हणजे ३८ मिमीने कमी. आता वाचलेल्या जागेत जाड टायर घाला. ६२२च्या रिमवर २८चा टायर म्हणजे बाहेरून एकूण व्यास ६७८ मिमी. ५८४च्या रिमवर ४७चा टायर म्हणजे... तोही ६७८! कागदावर चाकाची बाहेरची उंची तेवढीच राहते. त्यामुळे गिअर तितकेच हलके-जड लागतात, पेडलची जमिनीपासूनची उंची बदलत नाही, हँडलिंगही ओळखीचंच वाटतं. बदलतं ते एवढंच, की खाली जवळजवळ पावणेदोनपट हवेची गादी येते.

हे माप मूळचं फ्रान्सचं. तिथल्या टुरिंगवाल्यांचं ते एकेकाळी लाडकं होतं, मग जवळपास अडगळीत गेलं. २०००च्या दशकात अमेरिकेतल्या हौशी मंडळींनी ते जुन्या रोड बाइक्सना बसवायला सुरुवात केली. पुढे माउंटन बाइकने हीच रिम ‘साडेसत्तावीस इंची’ या नावाने उचलली. २०१६ मध्ये डब्ल्यूटीबी कंपनीचा ४७ मिमीचा गुळगुळीत टायर आला आणि रोड बाइकवाल्यांनाही ती पटली.

हवा कमी, आराम जास्त

सत्तर किलोच्या माणसाला २८च्या टायरमध्ये साधारण ७५-८० पीएसआय हवा लागते. ४७च्या टायरमध्ये ३५च्या आसपास पुरते. खडबडीत रस्त्यावर कडक टायर उड्या मारतो आणि तुमचीच ताकद हादऱ्यात वाया घालवतो. मऊ टायर खडी गिळत पुढे जातो. म्हणजे जाड टायर स्लोच असतो, हा समज अशा रस्त्यांवर तरी खरा नाही. हवा भरताना रिम आणि टायरवर छापलेली मर्यादा मात्र पाळा.

आधी फूटपट्टी!

औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडिया ही प्रयोगशाळा होते आहे. तिच्या बांधकामाला केंद्राने २०२३ मध्ये मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांमध्ये, प्रोटॉनच्या दहा हजाराव्या भागाएवढा फरक टिपायचं हे तंत्र. तुम्हाला एवढं बारीक जायचं नाही, मिलिमीटर पुरेत. पण ते चुकले तर पैसे पाण्यात.

मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना ज्या आडव्या नळ्या असतात, त्यांना चेनस्टे म्हणतात. अॅक्सलच्या मध्यापासून त्यांच्यावर ३१५ मिमीवर खूण करा. ४७चा टायर सगळ्यात रुंद असतो तो तिथेच. टायरचे ४७ आणि दोन्हीकडे पाच-पाच, असे ५७ मिमी हवेत. लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याची ५७ मिमी रुंद पट्टी कापा आणि तिथे सरकवून बघा. आरामात बसली तर अर्धी लढाई जिंकलात. अडकली तर ४२चा टायर बघा. पण त्यात चाकाची उंची १० मिमीने घटते, म्हणजे पेडल जमिनीच्या ५ मिमी जवळ येतं. पुढच्या फोर्कलाही हीच टेस्ट लावा.

आणि हो, हा पाच मिमीचा हिशेब कोरड्या दिवसांचा. पाऊस पडून गेल्यावर काळ्या मातीचा गारा चाकाला असा चिकटतो की पाच काय, पंधरा मिमीही कमी पडावेत. रानात वाफसा येईपर्यंत शेतकरी औत घालत नाही. तुम्हीही तोवर पांदणीत सायकल घालू नका.

ब्रेकचं काय?

डिस्क ब्रेक असेल तर तुम्ही लकी! डिस्क हबवर असते, रिम कितीही छोटी केली तरी ब्रेकला फरक पडत नाही. नव्या चाकाचं हब आणि अॅक्सल तुमच्या फ्रेमच्या मापाचं असलं की झालं.

रिम ब्रेक असेल तर गोष्ट अवघड. रिम १९ मिमी खाली जाते आणि जुन्या ब्रेकचे गट्टू तिथवर पोचतच नाहीत. टेक्ट्रोच्या आर५५९सारखे लांब हातांचे ब्रेक मिळतात, ते ५५ ते ७३ मिमीपर्यंत पोचतात. पण गट्टू अर्धा टायरवर, अर्धा रिमवर असा जुगाड अजिबात नको. टायर फाटला तर उतारावर थेट दवाखान्याची वाट!

पंक्चर झालं तर?

गावाकडे खरा प्रश्न हाच. गंमत म्हणजे इथे छोटी रिम फायद्याची ठरते. साडेसत्तावीसच्या माउंटन बाइक्स आता तालुक्याच्या गावीही दिसतात, त्यांची ट्यूब तुम्हाला चालते. नवी रिम घेताना तिचं भोक ८.५ मिमीचं, म्हणजे मोटरसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह बसेल असं घ्या. मग हायवेवरच्या कुठल्याही पंक्चरवाल्याकडे हवा मिळते. फक्त त्याला सांगा, “दादा, पस्तीसच!”

जुनं हब वापरून रिम बदलणार असाल तर जुन्या आऱ्या लांब पडतात, नव्याच घ्या. आणि आऊट काढण्यात ज्याचा हात बसलाय अशाच मिस्त्रीकडे चाक बांधायला द्या.

कुणी या भानगडीत पडू नये?

पट्टी अडकणाऱ्या चिंचोळ्या फ्रेमवाल्यांनी. ग्रुपबरोबर गुळगुळीत रस्त्यावर स्पीड मारणाऱ्यांनी. तिथे जाड टायर जड जाईल. आणि वर्षातून दोनच दिवस गावी सायकल चालवणाऱ्यांनी. त्यांनी फ्रेममध्ये मावत असेल तर ७००सीचाच ३२चा टायर घालावा, काम स्वस्तात होईल.

खरेदीआधी एवढं बघाच

• टायरवर ‘४७-५८४’ असं छापलेलं असतं. दुसरा आकडा ५८४च हवा.
• ‘२६ इंच’ ऐकून फसू नका. २६ × १.५ची रिम ५५९, २६ × १½ची ५८४ आणि २६ × १⅜ची ५९०. दशांश आणि अपूर्णांक इथे सारखे नाहीत!
• चाक बसवल्यावर जोरात पेडल मारून बघा, टायर फ्रेमला घासता कामा नये.
• स्पीडोमीटरमध्ये चाकाचा घेर तपासा. ६७८ व्यासाला तो साधारण २१३० मिमी.
• जुनी चाकं विकू नका. पुण्यात परतल्यावर दहा मिनिटांत पुन्हा ७००सी!

तर पुढच्या सुट्टीत गावी निघण्याआधी सायकल उलटी करा आणि ती पुठ्ठ्याची पट्टी सरकवून बघा. बसली, तर औंढ्याच्या वाटेवर भेटूच!