कच्चे मडके, पक्के मडके

धाराशिव जिल्ह्यातील तेर या गावी गोरोबाकाकांची समाधी आहे. संतमेळ्यात कोणाचे मडके पक्के व कोणाचे कच्चे, याची परीक्षा मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून गोरोबांनी थापटण्याने केली आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरले, ही आख्यायिका आपल्या घरांतील मुलांसही ठाऊक असते. नामदेवांच्या ठायी प्रेमाची उणीव होती असे नाही. उणीव होती ती आचेची. भक्ती उपजणे निराळे आणि ती भाजून निघणे निराळे.

हीच कसोटी एका ख्रिस्ती दांपत्याच्या भक्तीस लावून पाहावी, असे आम्हांस वाटते. पंथ निराळा असला तरी आचेचा धर्म एकच असतो.

कविवर्य नारायण वामन टिळक यांस १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय गृहस्थाने ‘नवा करार’ वाचावयास दिला. पुढे १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या दिवशी घर दुभंगले. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूस घेऊन काही वर्षे नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. पुढे नगरास पतीकडे आल्या, तरी त्यांचे सोवळे सुटले नाही. चूल निराळी, पाणी निराळे. टिळकांनी बळजोरी केली नाही, आणि बाईंनीही पतीचे मन राखण्यासाठी म्हणून श्रद्धेचा देखावा केला नाही. माणसामाणसांतील उच्चनीच देवाने केलेले नव्हे, अशी स्वतःची खात्री पटली तेव्हाच त्या पुढे सरल्या, आणि १९०० साली त्यांचाही बाप्तिस्मा झाला. इतक्या विलंबाने आलेली ही श्रद्धा म्हणूनच उसनी नव्हती.

नवी श्रद्धा पहिली काही वर्षे स्वतःच्या नवलाईवर चालते. पुढे काय? टिळकांच्या चरित्रात याची उत्तरे आम्हांस दोन दिसतात. पहिले असे की, त्यांनी भक्तीला परकी भाषा बोलू दिली नाही. तुकोबांचे ऋण ते उघड मानीत. अभंग, भजन व कीर्तन ही आपली जुनी साधने त्यांनी ख्रिस्तचरणी वाहिली. ‘अभंगांजली’ ही त्यांचीच, आणि त्यांची कितीतरी पदे मराठी ख्रिस्ती मंडळी ‘उपासना संगीता’तून आजही गातात. जे ओव्या ऐकून वाढलेल्या माणसाच्या सहज ओठी येते, तेच उतारवयात व आजारपणातही त्याची सोबत करते.

दुसरे उत्तर कठीण आहे. ‘ज्ञानोदय’ पत्राचे मराठी संपादन व मिशनचे काम करीत असता भक्ती ही पगाराची बाब होऊ लागते की काय, ही टोचणी त्यांस लागली. बाप्तिस्म्यास बावीस वर्षे लोटल्यावर, १९१७ साली, त्यांनी मिशनचे वेतन सोडले, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, दोघांसही तेथे स्थान होते. उतरत्या वयात मिळकतीची शाश्वती टाकणे घरच्या माणसांस सोपे गेले असेल, असे आम्ही म्हणणार नाही. संन्याशाच्या त्यागातील निम्मा भार त्याच्या गृहिणीच्या माथी पडतो. १९१९ च्या मे महिन्यात टिळक निवर्तले.

लक्ष्मीबाईंची खरी परीक्षा त्यानंतरची. वैधव्याची जवळजवळ सतरा वर्षे त्यांनी काढली. शाळेचे शिक्षण असे नव्हतेच. तरी पतीने अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांनी ओवी ओवी जोडून पुढे नेले. १९३६ साली त्यांचे निधन झाले. त्यानंतर पुत्र देवदत्तांनी ते पुरे केले. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यांस आणखी एक गोष्ट दिसेल: बाई आपल्या श्रद्धेची फुशारकी कोठेच मिरवीत नाहीत, पतीच्या विक्षिप्तपणास व स्वतःच्या भाबडेपणास त्या मनमोकळ्या हसतात. ज्या भक्तीला हसू सोसते, तिला संकटही सोसते.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी देव्हारा आहे, पूजा आहे, आणि कित्येकदा ती घाईघाईने उरकली जाते. धर्मांतराविषयी वाचकांची मते काहीही असोत. परंतु आपली उपासना आपण स्वतः पटवून घेतलेली आहे, की केवळ वारशाने हाती आलेली, एवढे तरी या दांपत्याच्या निमित्ताने प्रत्येकाने आपल्याशी विचारावे. उत्तर अवघड वाटले तर नामदेवांचे स्मरण करावे. कच्चे ठरल्यावर ते रुसून बसले नाहीत. विसोबा खेचरांकडे शिकावयास गेले.