सालाझारची गृहिणी आणि गोव्याचा कायदा

उरण तालुक्यातील मोरा बंदरात एखाद्या गृहस्थाने स्वतःच्या नावावरचे घर विकायला काढले, तर खरेदीखतावर पत्नीची सही हवीच असा कायद्याचा दंडक नाही. गोव्यात मात्र तो आहे. विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसेल, तर तेथे पती-पत्नी दोघांच्या मालमत्तेत निम्मे-निम्मे भागीदार ठरतात आणि स्थावर मालमत्ता विकताना दोघांची संमती लागते. उरण-करंजाचा पट्टाही एकेकाळी पोर्तुगीज अमलाखाली होता. परंतु तो अठराव्या शतकातच मराठ्यांकडे आला. गोवा १९६१ च्या डिसेंबरपर्यंत लिस्बनच्या ताब्यात राहिला. समान नागरी कायद्याची चर्चा निघाली की गोव्याकडे बोट दाखवले जाते, ते यामुळेच.

मात्र ज्या राजवटीकडून हा कायदा भारताच्या हाती आला, ती स्त्रीस्वातंत्र्याची कैवारी मुळीच नव्हती. १९३२ मध्ये पंतप्रधान झालेला आंतोनियु सालाझार १९६८ पर्यंत सत्तेवर होता. त्याच्या राजवटीला फॅसिस्ट म्हणावे की नुसती हुकूमशाही, यावर इतिहासकार आजही वाद घालतात. स्त्रियांपुरते बोलायचे तर मुसोलिनीच्या इटलीशी तिचे साम्य लपत नाही. देव, देश आणि कुटुंब ही तिची त्रिसूत्री होती. १९३३ च्या राज्यघटनेने सर्व नागरिकांना समान ठरवले आणि त्याच कलमात स्त्रीचा निसर्ग व कुटुंबाचे हित यांमुळे येणारे भेद अपवाद म्हणून ठेवले. एका हाताने द्यायचे आणि दुसऱ्या हाताने काढून घ्यायचे, असा हा प्रकार. १९३१ मध्ये मताधिकार देतानाही पुरुषाला साक्षरता पुरेशी होती. स्त्रीला किमान माध्यमिक शिक्षण हवे होते.

१९३६ मध्ये मातांना ‘राष्ट्रीय शिक्षण’ देणारी संस्था सरकारनेच काढली आणि पुढच्याच वर्षी मुलींची युवक संघटना. पोर्तुगालमधील प्राथमिक शिक्षिकेला विवाहासाठी सरकारची परवानगी घ्यावी लागे, आणि नियोजित वराचे उत्पन्न तिच्या पगाराला साजेसे आहे की नाही, हेही सरकारच पाही. विवाहित स्त्रीला पतीच्या संमतीवाचून परदेशी जाता येत नसे.

मग गोव्यातील निम्म्या वाट्याचा हक्क आला कुठून? तो सालाझारच्या कितीतरी आधीचा, १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतील आहे. मुलगा-मुलगी असा भेद न करता वारसा देणारी आणि आईवडिलांना मृत्युपत्राने मुलांना पूर्णपणे डावलता येऊ नये, अशी तरतूद करणारी हीच संहिता. १९१० मध्ये राजेशाही उलथून प्रजासत्ताक आले, तेव्हा घटस्फोट व नागरी विवाहाचे कायदे झाले आणि तेही गोव्यात लागू झाले.

सालाझारने या वारशात घातलेली भर वेगळ्याच जातीची होती. १९४० मध्ये त्याने व्हॅटिकनशी करार केला. त्या धोरणाला अनुसरून निघालेल्या १९४६ च्या हुकुमाने वसाहतींमध्येही चर्चमध्ये विवाह करणाऱ्या कॅथलिकांसाठी दिवाणी घटस्फोटाची वाट बंद केली. हुकूमशाही कोसळल्यावर १९७५ मध्ये पोर्तुगालमधील कॅथलिकांना हा हक्क परत मिळाला. तोवर गोवा भारतात येऊन चौदा वर्षे होत आली होती. १९६२ च्या कायद्याने जुने कायदे आहेत तसे चालू ठेवले होते; साहजिकच लिस्बनमधील ही सुधारणा मांडवीपर्यंत पोहोचली नाही. याची दुसरी बाजूही पाहण्याजोगी आहे. पतीला कुटुंबप्रमुख ठरवणारी सालाझारकालीन नवी नागरी संहिता १९६६ मध्ये मंजूर झाली. गोवा मुक्त होण्यास आणखी काही वर्षे लागली असती, तर तीच गोव्याच्या माथी बसली असती!

जुन्या संहितेचे गोडवे गातानाही हात जरा आखडताच घ्यावा. मालमत्ता दोघांची असली तरी तिचा कारभार तिने पतीकडेच ठेवला. गोव्यातील हिंदूंसाठी १८८० मध्ये केलेल्या नियमांत, पत्नीला पंचविसाव्या वर्षापर्यंत अपत्य झाले नाही, तर तिच्या संमतीने पतीला दुसरा विवाह करण्याची मुभा होती. मुलगा नसल्यास तीस वर्षांची अट होती.

गृहिणीने उंबरठ्याआड राहावे, ही सालाझारची अपेक्षा गोव्यातील स्त्रियांनी मात्र मानली नाही. महादेवशास्त्री जोशी यांच्या पत्नी सुधाताई जोशी यांनी १९५५ मध्ये म्हापशात सत्याग्रह केला आणि तुरुंगवास पत्करला. मित्रा बीर यांना ऐन तारुण्यात बारा वर्षांची शिक्षा ठोठावण्यात आली. लिबिया लोबो यांनी वामन सरदेसाई यांच्यासह सीमेवरच्या जंगलातून १९५५ पासून मुक्तीपर्यंत गुप्त नभोवाणी केंद्र चालवले. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

गोव्याने वारसाहक्काचा भाग २०१२ च्या स्वतःच्या कायद्यात घेतला आणि तो २०१६ मध्ये अमलात आला. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्याचे उदाहरण कौतुकाने दिले. विवाहासंबंधीचा भाग मात्र पोर्तुगीज काळातलाच राहिला.